‘सोय नाही’ या उत्तराच्या पुढे : डाऊन सिंड्रोम असलेली मुले आणि आपल्या शाळा

विदर्भातील शाळा उन्हाळा सरल्यावर, जूनच्या अखेरीस उघडतात. त्याआधीच्या आठवड्यांत शाळांच्या कार्यालयांपुढे प्रवेशासाठी पालकांची रांग लागते. त्या रांगेत एखादे आईवडील असे असतात, की अर्जापेक्षा आपल्या मुलाकडे लोक कसे पाहतील याचीच त्यांना अधिक धास्ती असते. मुलाचे डोळे किंचित तिरके असतात, नाक बसके असते, बोलणे चटकन कळत नाही. कार्यालयातून उत्तर येते, “आमच्याकडे अशा मुलांसाठी सोय नाही.” उत्तर देणारी व्यक्ती निर्दय असते असे नाही, पुष्कळदा ती मनापासून हळहळतेही. पण त्या तीन-चार शब्दांनी एका मुलाचे शालेय जीवन सुरू होण्यापूर्वीच संपलेले असते.

सहा वर्षांपर्यंत हेच मूल गावातील अंगणवाडीत इतरांबरोबर बसत होते. तेथे त्याला कोणी काही विचारले नव्हते. वयाच्या सहाव्या वर्षी मात्र ते एकाएकी ‘वेगळे’ ठरते. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांच्या आपल्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १२ लाख लोक राहतात आणि त्यांतील पाचांपैकी चारांहून अधिक खेड्यांत राहतात. मुलासाठी रोज तालुक्याच्या गावी जाणे शेतमजुराला परवडत नाही. म्हणून शेजारच्या शाळेने नाही म्हटले, की बहुतेक वेळा मूल घरीच राहते.

डाऊन सिंड्रोम म्हणजे काय, कायदा आणि ख्रिस्तसभा याविषयी काय सांगतात, आणि साधी शाळा कोणती पावले उचलू शकते, याची माहिती पालक, शिक्षक आणि धर्मग्रामातील कार्यकर्त्यांना एकत्र मिळावी, या हेतूने हा लेख आम्ही लिहीत आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की सोय आधी आणि प्रवेश नंतर हा क्रमच चुकीचा आहे. मूल वर्गात आले म्हणजेच सोय होऊ लागते, आणि तिचा मोठा भाग पैशाचा नसून सवयीचा असतो.

डाऊन सिंड्रोम म्हणजे काय?

मानवी शरीरातील प्रत्येक पेशीत साधारणतः गुणसूत्रांच्या २३ जोड्या, म्हणजे ४६ गुणसूत्रे असतात. डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीत एकविसाव्या जोडीत दोनऐवजी तीन गुणसूत्रे असतात. जगभरात सुमारे एक हजार जन्मांमागे एका बाळात ही स्थिती आढळते. हा संसर्ग नव्हे, आणि तो औषधाने बरा होणारा आजारही नव्हे. ती जन्मतः असलेली शरीराची घडण आहे. इंग्रज वैद्य जॉन लँगडन डाऊन यांनी १८६६ मध्ये तिचे वर्णन केले, म्हणून तिला त्यांचे नाव मिळाले. पूर्वी अशा व्यक्तींसाठी एका मानववंशाचे नाव वापरले जाई. ते अवमानकारक असल्याने टाकून देण्यात आले. आपल्याकडील ‘मतिमंद’ हा शब्दही आता मागे पडून ‘बौद्धिक दिव्यांग’ हा शब्द रूढ होत आहे.

या स्थितीचे गुणसूत्रीय कारण पॅरिसमध्ये सापडले. मार्थ गोतिए यांनी पेशींची वाढ करण्याचे कष्टाचे काम केले होते, आणि १९५९ मध्ये त्यांच्यासह जेरोम लेजन व रेमों त्युर्पें यांच्या नावे हा शोध प्रसिद्ध झाला. लेजन हे श्रद्धावान कॅथोलिक होते. आपल्या शोधाचा उपयोग अशा बाळांना जन्मापूर्वीच नाकारण्यासाठी होत आहे, हे पाहून त्यांना तीव्र दुःख झाले आणि पुढील आयुष्य त्यांनी या मुलांच्या उपचारासाठी व बचावासाठी वाहिले. १९९४ मध्ये ते प्रभूकडे गेले. २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना ‘आदरणीय’ हा किताब देण्यास मान्यता दिली.

आपल्या खेड्यांत अजूनही अशा जन्माचा दोष आईला लावला जातो. गरोदरपणी ग्रहण पाहिले, अमुक खाल्ले, पूर्वीचे पाप भोवले, असे बोलले जाते. यातील एकही गोष्ट खरी नाही. आईचे वय वाढते तशी शक्यता वाढते हे खरे. परंतु तरुण वयात अपत्ये अधिक होत असल्यामुळे अशी बहुतेक बाळे तरुण मातांच्याच पोटी येतात. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभू येशूला विचारले होते, की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही शक्यता नाकारल्या. योहानच्या शुभवर्तमानातील नववा अध्याय प्रत्येक अशा मातेला कोणीतरी वाचून दाखवावा.

या मुलांच्या प्रकृतीची काही वैशिष्ट्ये शाळेने जाणून घ्यावीत. सुमारे निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. थायरॉइडचे विकार, कमी ऐकू येणे आणि दृष्टिदोष यांचे प्रमाण अधिक असते. स्नायू सैल असतात. प्रगत देशांत १९८० च्या दशकाच्या आरंभी अशा व्यक्तींचे सरासरी आयुर्मान २५ वर्षांच्या आसपास होते. आज ते ६० च्या जवळ आले आहे. हा बदल हृदयाच्या शस्त्रक्रियांमुळे झाला, तसाच तो या व्यक्तींना संस्थांत कोंडून ठेवण्याची पद्धत मागे पडल्यामुळेही झाला. जी व्यक्ती साठ वर्षे जगणार आहे, तिला सहाव्या वर्षी घरी बसविणे म्हणजे काय, याचा विचार व्हावा.

ही मुले शिकतात कशी?

“त्याला काही कळत नाही,” हा सर्वांत मोठा गैरसमज आहे. या मुलांची समज त्यांच्या बोलण्यापेक्षा बरीच पुढे असते. जीभ व तोंडाचे स्नायू सैल असल्याने आणि ऐकू कमी आल्याने शब्द उशिरा व अस्पष्ट येतात. ऐकणारा त्यावरून बुद्धीचा अंदाज बांधतो आणि चुकतो. ऐकलेले लक्षात ठेवणे त्यांना अवघड जाते, पण पाहिलेले चांगले लक्षात राहते. म्हणून तोंडी सूचनांच्या माऱ्याऐवजी चित्र, वस्तू, हावभाव आणि लिहिलेला शब्द यांचा आधार दिला, तर प्रगती दिसू लागते. इंग्लंडमधील पोर्टस्माउथ येथे मानसशास्त्रज्ञ सू बकली यांनी १९८० पासून केलेल्या कामातून हे पुढे आले, की यांतील अनेक मुले लहान वयात वाचायला शिकू शकतात आणि वाचनातून त्यांचे बोलणेही सुधारते. साध्या शाळेत शिकलेल्या मुलांची भाषा व वाचन-लेखन विशेष शाळेतील मुलांपेक्षा सरस असल्याचेही तेथील अभ्यासांत दिसले.

या मुलांत कमीअधिक असतेच. कोणी दहावीपर्यंत जाईल, कोणी नाव लिहिण्यापर्यंत. पण ज्याच्याबद्दल आधीच मर्यादा ठरवून टाकली, ते मूल त्या मर्यादेपुढे जात नाही.

स्वतंत्र शाळेपासून शेजारच्या शाळेकडे

महाराष्ट्रात या मुलांच्या शिक्षणाची सुरुवात एका घरातून झाली. मुंबईतील जय वकील आणि होर्मसजी वकील या पारशी दाम्पत्याच्या मुलीला डाऊन सिंड्रोम होता. तिला घेणारी शाळा नव्हती, म्हणून १९४४ मध्ये त्यांनी स्वतःच शाळा सुरू केली. जय वकील शाळा ही देशातील अशा प्रकारच्या आरंभीच्या संस्थांपैकी होय. तिने विकसित केलेला ‘दिशा’ हा अभ्यासक्रम आज राज्यातील विशेष शाळांत वापरला जातो. १९७३ मध्ये सिस्टर गायतोंडे यांनी मुंबईत सोफिया महाविद्यालयाच्या परिसरात साधना शाळा उभी केली. या क्षेत्रात धर्मभगिनींनी उचललेले ते महत्त्वाचे पाऊल होते. नाशिकमध्ये रजनी लिमये यांनी आपल्या मुलाच्या निमित्ताने १९७७ मध्ये ‘प्रबोधिनी’ सुरू केली.

या संस्थांचे ऋण मोठे आहे. परंतु त्यांच्या जन्मकथेत आपल्यासाठी एक बोचरा प्रश्नही आहे. त्या निघाल्या, कारण इतर शाळांची दारे बंद होती. मुंबई-नाशिकसारख्या शहरांत पर्याय उभा राहिला. मानोरा किंवा रिसोड तालुक्यातील दूरच्या गावात प्रत्येक दोन-तीन मुलांसाठी विशेष शाळा निघणे शक्य नाही. तेथे असलेली साधी शाळा हाच खरा मार्ग आहे.

जगाचा प्रवासही याच दिशेने झाला. इटलीने १९७७ च्या कायद्याने दिव्यांग मुलांना साध्या वर्गांत आणले. भारतात कोठारी आयोगाने (१९६४-६६) अशी मुले शक्यतो इतरांबरोबर शिकावीत असे सुचविले आणि १९७४ मध्ये केंद्र सरकारची एकात्म शिक्षण योजना आली. १९९४ मध्ये स्पेनमधील सलामांका येथे ९२ देशांच्या सरकारांनी समावेशक शाळेचे तत्त्व स्वीकारले. भारताने दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारास २००७ मध्ये अनुमती दिली. २०१२ पासून संयुक्त राष्ट्रांतर्फे २१ मार्च हा जागतिक डाऊन सिंड्रोम दिन पाळला जातो. एकविसाव्या गुणसूत्राच्या तीन प्रती, म्हणून तिसऱ्या महिन्याची एकवीस तारीख.

कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात २१ प्रकारच्या दिव्यांगता दिल्या आहेत. डाऊन सिंड्रोमचे नाव त्या यादीत स्वतंत्रपणे नाही. तो ‘बौद्धिक दिव्यांगता’ या प्रकारात धरला जातो. पालकांनी व शाळांनी पुढील तीन कलमे लक्षात ठेवावीत.

कलम १६ : शासनाने अनुदान अथवा मान्यता दिलेल्या सर्व शिक्षणसंस्थांनी समावेशक शिक्षण द्यावे, यासाठी शासनाने प्रयत्न करावयाचे आहेत. भेदभाव न करता प्रवेश, खेळ व करमणुकीत समान संधी, आवश्यक त्या वाजवी सोयी आणि प्रत्येकाच्या गरजेनुसार साहाय्य यांचा त्यात समावेश आहे.

कलम १७ : अभ्यासक्रम व परीक्षा यांत योग्य फेरबदल करावेत, जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट इत्यादी.

कलम ३१ : ४० टक्के वा अधिक दिव्यांगता असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या प्रत्येक मुलाला शेजारच्या शाळेत, किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत, मोफत शिक्षणाचा हक्क आहे. येथे निवड मुलाची व पालकांची आहे, शाळेची नव्हे.

आता एका नाजूक मुद्द्याकडे वळतो. २००९ चा शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ मे २०१४ रोजी प्रमती ट्रस्ट खटल्यात दिला. १ सप्टेंबर २०२५ रोजी त्याच न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या खंडपीठाने या निर्णयाविषयी शंका व्यक्त करून तो प्रश्न मोठ्या पीठापुढे ठेवावा, असे म्हटले आहे. त्याचा निकाल काहीही लागो. ती सूट शिक्षण हक्क कायद्यापुरती होती. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात मान्यताप्राप्त अल्पसंख्याक शाळांना तसा अपवाद केलेला नाही. घटनेच्या ३० व्या कलमाने आपल्याला स्वतःच्या शाळा चालविण्याचा जो अधिकार दिला, तो आपली ओळख जपण्यासाठी आहे. दुर्बलाला दाराबाहेर ठेवण्यासाठी त्या अधिकाराची ढाल करणे आपल्याला शोभत नाही.

ख्रिस्तसभेची शिकवण

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये ख्रिस्ती शिक्षणावरील जाहीरनाम्यात प्रत्येक मनुष्याला, त्याच्या मानवी प्रतिष्ठेमुळे, शिक्षणाचा अबाधित हक्क असल्याचे सांगितले. ख्रिस्तसभेच्या कायदेसंहितेतील ७७७ वे कलम धर्मगुरूंना स्पष्ट आज्ञा देते, की शरीराने वा मनाने दुर्बल असलेल्यांनाही, त्यांच्या स्थितीनुसार शक्य तेवढे, धर्मशिक्षण मिळाले पाहिजे. १९८१ या आंतरराष्ट्रीय अपंग वर्षी परमपीठाने याविषयी स्वतंत्र दस्तऐवज काढला होता. २०२० च्या धर्मशिक्षण निर्देशिकेत (२६९ ते २७२ परिच्छेद) दिव्यांग व्यक्तींचा विचार केवळ धर्मशिक्षण घेणारे म्हणून नव्हे, तर सुवार्तेचे साक्षीदार म्हणूनही केलेला आहे.

या सर्वांच्या मुळाशी संत पौलाचा करिंथकरांना केलेला उपदेश आहे : शरीराचे जे अवयव दुबळे भासतात तेच अधिक आवश्यक असतात. पौल येथे दयेविषयी बोलत नाही. तो असे सांगतो, की त्या अवयवांवाचून शरीरच अपुरे राहते. आपल्या शाळेत असे एकही मूल नसेल, तर त्या मुलाइतकीच शाळाही काहीतरी गमावून बसली आहे.

वाशिम जिल्ह्यात मदत कोठे मिळते?

१. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम : २०१३ पासूनच्या या कार्यक्रमाची वैद्यकीय पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा तपासणी करतात. डाऊन सिंड्रोम व जन्मजात हृदयदोष दोन्ही त्यांच्या यादीत आहेत आणि पुढील उपचार मोफत आहेत. पथक येईल त्या दिवशी मूल अंगणवाडीत हजर असावे, एवढी काळजी घ्यावी.

२. दिव्यांग प्रमाणपत्र व युडीआयडी कार्ड : ऑनलाइन अर्ज करून जिल्हा रुग्णालयात तपासणी होते. हे कार्ड परीक्षेतील सवलती व इतर योजनांसाठी लागते. प्रमाणपत्रावाचून प्रवेश अडवू नये. कागद मागाहून येऊ शकतात, मुलाचे वय मागाहून येत नाही.

३. गट साधन केंद्र : प्रत्येक तालुक्यात पंचायत समितीच्या पातळीवर असलेल्या या केंद्रामार्फत समग्र शिक्षा योजनेतील समावेशित शिक्षणाचे तज्ज्ञ व विशेष शिक्षक शाळांना मार्गदर्शन करतात. मुख्याध्यापकांनी त्यांच्याकडे लेखी मागणी करावी.

४. राष्ट्रीय न्यास : १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या या संस्थेची ‘निरामय’ ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना बौद्धिक दिव्यांगांसाठी आहे. मूल १८ वर्षांचे झाल्यावर कायदेशीर पालकत्वाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे करावा लागतो.

५. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था : नेहमीच्या दहावीचा भार न पेलणाऱ्या विद्यार्थ्याला येथून कमी ओझ्याने, आपल्या गतीने परीक्षा देता येते.

शाळेने काय करावे?

प्रवेशापूर्वी. मुलाला काय येत नाही याची यादी मागण्याऐवजी, काय येते, काय आवडते, कशाची भीती वाटते, हे आईला विचारावे. हृदय, थायरॉइड, कान व डोळे यांच्या तपासण्या झाल्या आहेत का, हे पाहावे. या मुलांपैकी काहींच्या मानेच्या वरच्या मणक्यांत सैलपणा असतो. म्हणून कोलांटउडी, शीर्षासन असे प्रकार डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय करवून घेऊ नयेत. ही नोंद क्रीडाशिक्षकाकडे असावी.

वर्गात. जागा पुढच्या बाकावर, शिक्षकांचा चेहरा दिसेल अशी असावी. एका वेळी एकच सूचना द्यावी आणि उत्तरासाठी थांबावे. दहा सेकंदांची शांतता अशा मुलासाठी मोठी देणगी असते. दिवसाचे वेळापत्रक चित्रांत लावावे. अक्षरओळखीपूर्वी ‘आई’, ‘पाणी’, ‘घर’ असे अख्खे शब्द चित्रांसह शिकवावेत. काना-मात्रा व जोडाक्षरे मागाहून घ्यावीत. गणित चिंचोके, बिया, नाणी अशा हातात धरता येणाऱ्या वस्तूंनी सुरू करावे. बोटे सैल असल्याने लेखनाला वेळ लागतो. तोवर तोंडी उत्तर किंवा चित्रावर बोट ठेवणे हेही उत्तर मानावे.

भाषेविषयी. आपल्या जिल्ह्यात घरी वऱ्हाडी किंवा बंजारा कुटुंबांत गोरमाटी, शाळेत प्रमाण मराठी, आणि आपल्या अनेक शाळांत इंग्रजी, असा तिहेरी भार मुलांवर असतो. घरी स्वतःची बोली बोलल्याने डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलाचे नुकसान होते, असे अभ्यासांत आढळलेले नाही. तेव्हा घरची भाषा सोडायला पालकांना सांगू नये. शाळेने मात्र वाचन-लेखनासाठी एकच भाषा धरावी आणि इतर भाषांतून कायद्याने मिळणारी सूट द्यावी.

मूल्यमापन. प्रत्येक मुलासाठी एक पानी वैयक्तिक आराखडा असावा : या सहामाहीत तीन किंवा चार गोष्टी, त्यांची जबाबदारी कोणाची, आणि आढावा केव्हा. उद्दिष्टे मोजता येतील अशी असावीत. ‘भाषा सुधारणे’ असे न लिहिता ‘वीस शब्द चित्राशिवाय वाचणे’ असे लिहावे. त्याची प्रगती त्याच्याच मागील पानाशी ताडून पाहावी.

सोबती. वर्गातील मुलांना खरे सांगावे : याला शिकायला वेळ लागतो, तो आजारी नाही, त्याच्यापासून काही लागत नाही. मुले मोठ्यांपेक्षा लवकर समजून घेतात. मात्र ती अशा सोबत्याला बाळासारखे वागवू लागतात, त्याचे दप्तर उचलतात, त्याचे उत्तर स्वतः देतात, हे थांबवावे. त्यालाही काम द्यावे : खडू आणणे, हजेरीपट कार्यालयात पोहोचविणे, प्रार्थनेच्या वेळी मेणबत्ती धरणे. ज्याच्याकडे काम आहे तो वर्गाचा असतो. ज्याची केवळ काळजी घेतली जाते तो पाहुणा राहतो.

वर्तन. हट्ट, खाली बसून राहणे, वर्गातून निघून जाणे, हे प्रकार घडतात. पुष्कळदा त्यामागे न ऐकू येणे, न समजणे किंवा थकवा असतो. शिक्षा करण्यापूर्वी कारण शोधावे. फाटक बंद राहील आणि एक मोठी व्यक्ती लक्ष ठेवील, एवढी व्यवस्था पहिल्या दिवसापासून असावी.

काही प्रामाणिक हरकती

“एका वर्गात साठ मुले, एकच शिक्षिका, ती काय काय करणार?” ही हरकत खरी आहे आणि तिला उपदेशाने उत्तर देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे खटल्यात दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी प्राथमिक स्तरावर दहामागे एक आणि उच्च प्राथमिक स्तरावर पंधरामागे एक विशेष शिक्षक असावा, असे प्रमाण सांगितले. प्रत्यक्ष भरती त्यामागे रखडत चालली आहे. म्हणून आम्ही असे सुचवितो, की जवळपासच्या आपल्या शाळांनी मिळून भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला एक फिरता विशेष शिक्षक नेमावा. आठवड्यातून एक दिवस प्रत्येक शाळेला मिळाला, तरी वर्गशिक्षिका एकटी राहणार नाही.

“निकाल खाली येईल, इतर पालक तक्रार करतील.” तक्रारी येतील. त्यांना मुख्याध्यापकांनी पालकसभेत उघडपणे उत्तर द्यावे, खाजगीत दिलगिरी व्यक्त करू नये. सावकाश समजावून सांगणे, चित्रे वापरणे, एका वेळी एक सूचना देणे, याने त्या एका मुलाइतकाच मागच्या बाकावरील दहा जणांचा फायदा होतो.

“त्याला विशेष शाळेतच अधिक बरे वाटेल.” काही मुलांच्या बाबतीत हे खरे असू शकते. अतितीव्र गरजा असलेल्या मुलाला विशेष शाळा किंवा घरपोच शिक्षण आवश्यक असते. पण हा निष्कर्ष मुलाला पाहून, पालकांसह विचार करून काढावयाचा असतो. प्रवेशाच्या खिडकीत, चेहरा पाहून नव्हे.

धर्मग्रामाची जबाबदारी

वाशिम जिल्हा अमरावती धर्मप्रांतात येतो. येथील आपले समूह लहान आहेत, एकमेकांना नावाने ओळखणारे आहेत. लहान समूहात कोणी सहज लपत नाही, पण कोणाला सहज लपविताही येते. मिस्साबलिदानाला येणाऱ्या कुटुंबांत एखादे मूल कधीच का दिसत नाही, हे विचारणे आम्हा धर्मगुरूंचे पहिले काम आहे. रविवारच्या धर्मशिक्षणवर्गात त्याला घ्यावे. प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारण्यासाठी मुलांकडून त्यांच्या शक्तीनुसार समज व तयारीची अपेक्षा असते. प्रश्नोत्तरे पाठ म्हणता येणे ही त्या समजेची एकमेव खूण नव्हे. जे मूल वेदीवरील भाकर आणि घरची भाकर यांतला फरक ओळखून हात जोडते, त्याला समजलेले असते. आमच्या यादीतून अशी नावे आजवर गळाली असतील, तर तो दोष मुलांच्या बुद्धीचा नव्हता.

पालकांनाही आमची विनंती आहे. मुलाला घरी ठेवण्यामागे लाजेपेक्षा मायाच अधिक असते, हे आम्ही जाणतो. कोणी हसेल, कोणी ढकलेल, ही भीती खोटी नाही. पण आईवडील कायमचे नसतात. त्यांच्यानंतर त्याला ओळखणारे, त्याच्याशी बोलणारे, दुकानात त्याला फसू न देणारे लोक गावात असावे लागतात. हे लोक आज त्याच्या वयाची मुले आहेत आणि ती शेजारच्या शाळेत बसलेली आहेत. त्यांची ओळख आताच व्हायला हवी.

येत्या जूनमध्ये आपल्या एखाद्या शाळेच्या कार्यालयात असे आईवडील येतील. त्यांना सर्व सोयी तयार असल्याचे सांगता येणार नाही, आणि तसे खोटे सांगूही नये. “बसा. मुलाचे नाव काय?” एवढे विचारावे आणि ते नाव हजेरीपटावर लिहावे. पुढचे सर्व त्या नोंदीनंतर सुरू होते.